खाऊचे पैसे आणि उसने दान

मुलांच्या हाती पैसा दिला की ती बिघडतात, असा समज आपल्या कुटुंबांत दृढ आहे. आम्हांला तो मान्य नाही. पैसा कोठून येतो आणि संपल्यावर काय होते, हे न कळल्यानेच मुले बिघडतात.

वसईच्या वाडीत वाढलेल्या मागच्या पिढ्यांना हे वेगळे शिकवावे लागले नाही. केळीचे घड उतरविणे, भाजीच्या जुड्या बांधणे, माल मुंबईच्या बाजाराला नेणे आणि परतल्यावर चिल्लर मोजणे, हे सारे मुलांच्या डोळ्यांदेखत घडे. भाव पडला की सणाचा सदरा राहून जाई, आणि तो का राहिला हे कोणी सांगावे लागत नसे. आज अनेक वाड्यांवर इमारती उभ्या आहेत. दुकानात मोबाईल पुढे धरला की वस्तू हाती येते. मुलाला पैसा दिसतच नाही. अशा वेळी लहर लागली तर देणारे आणि लहर फिरली की नाकारणारे पालक मुलाला एकच विद्या शिकवितात : हट्ट केव्हा करावा.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ऐपतीप्रमाणे थोडी पण ठरलेली रक्कम ठरलेल्या वारी मुलाला द्यावी. ती तीन दिवसांत उडाली, तर चौथ्या दिवशी भर घालू नये. घरकामाची मजुरी म्हणूनही ती देऊ नये. आजीला पाणी दिल्याचा दर ठरला की घराचा बाजार होतो. हातावर पोट असलेल्या घराने काय करावे, असे कोणी विचारील. त्याने महिन्याच्या खर्चाची वही मुलापुढे उघडावी; तेही मोठे शिक्षण आहे.

प्रथम कम्युनियनला मुलाला मिळालेली पाकिटे सभागृहाच्या बिलात जिरवावी, हे तर सर्वस्वी गैर होय. शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. त्या परंपरेतील मुलाला स्वतःचे पासबुक ठाऊक नसावे काय? दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१४ साली दिली आणि २०२५ साली ती कायम ठेवली. पालकांनी तिचा लाभ घ्यावा.

शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिस्सामध्ये दानाची थैली जवळ आली की आई घाईघाईने मुलाच्या मुठीत नाणे कोंबते. ते दान आईचे. मुलाने केवळ हात लांब केला. प्रभू येशूने विधवेच्या दोन नाण्यांचे मोल केले, कारण ती तिने आपल्या तुटवड्यातून दिली होती. ज्याच्यापाशी स्वतःचे काही नाही, त्याला त्यागही करता येत नाही. मुलांना दानधर्म शिकवावयाचा असेल, तर आधी त्यांच्यापाशी देण्याजोगे काही असू द्या.