भवानी मंदिर ते पाँडिचेरी : अरविंद घोषांवरील पलायनाच्या आक्षेपाचा विचार

4 एप्रिल 1910 रोजी अरविंद घोष फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरी बंदरात उतरले आणि 5 डिसेंबर 1950 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. मधल्या चाळीस वर्षांत ते बंगालात परतले नाहीत. या एवढ्या वस्तुस्थितीवरून त्यांच्यावर जो आक्षेप घेतला जातो तो नवा नाही, आणि तो केवळ द्वेषापोटी घेतला जातो असेही नाही. आक्षेपाचे स्वरूप असे की, ज्याने तरुणांना सशस्त्र प्रतिकाराची दीक्षा दिली, ज्याचा सख्खा भाऊ बारींद्र फाशीची शिक्षा ऐकून पुढे अंदमानात गेला, तो पुढारी स्वतःवर दुसऱ्या खटल्याचे संकट दिसताच वेषांतर करून, खोटे नाव घेऊन परकीय हद्दीत निघून गेला आणि या माघारीला त्याने योगाचे नाव दिले. शास्त्रार्थाच्या परिभाषेत हा पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करावयाचे ते प्रतिपक्षाचे म्हणणे. तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला अर्थ उरत नाही. म्हणून हेही मान्य केले पाहिजे की खोटे नाव घेतल्याची गोष्ट खरी आहे. 'द्युप्ले' नावाच्या फ्रेंच आगबोटीच्या प्रवाशांत ते जतींद्रनाथ मित्र या नावाने नोंदले गेले होते.

या आक्षेपाचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, ते असे की योग हा राजकारणानंतर आला आणि राजकारण अंगाशी आल्यामुळे आला. हे गृहीतक कालक्रमापुढे टिकत नाही. अरविंद 1893 मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले. त्याच वर्षी केंब्रिजमधील त्यांचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून मुंबईच्या 'इंदुप्रकाश' पत्रात त्यांनी काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या धोरणावर लेखमाला सुरू केली, आणि तिची धार इतकी तीव्र होती की न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केले. राजकारणाचा आरंभ हा असा. पण प्राणायामाचा अभ्यासही त्यांनी बडोद्यातच, 1904 च्या सुमारास, गंगनाथच्या स्वामी ब्रह्मानंदांचे शिष्य असलेल्या देवधर नावाच्या अभियंत्याकडून समजून घेऊन सुरू केला. त्या वेळी वंगभंग झालेला नव्हता, 'वंदे मातरम्' पत्र निघालेले नव्हते, त्यांच्यामागे पोलीस लागलेले नव्हते. जो मनुष्य अटकेच्या चार वर्षे आधी साधनेला बसला, त्याने अटकेच्या भीतीने साधना पत्करली, असे म्हणण्यास आधार कोणता?

याहून महत्त्वाचा पुरावा 'भवानी मंदिर' या 1905 मधील इंग्रजी पुस्तिकेचा आहे. ही पुस्तिका गुप्तपणे छापून वाटली गेली आणि पुढे 1918 च्या रौलट समितीने क्रांतिकारक कटांची छाननी करताना तिची दखल घेतली. तिच्यातील योजना अशी : शहरांच्या संसर्गापासून दूर, उंच आणि शुद्ध हवेच्या डोंगरात भवानीचे मंदिर उभारावे, त्याला जोडून ब्रह्मचाऱ्यांचा मठ असावा, आणि तेथे तयार झालेल्या तरुणांनी देशभर पसरून राष्ट्राची शक्ती जागवावी. देश दुर्बल झाला तो ज्ञानाच्या किंवा भक्तीच्या अभावामुळे नव्हे, तर शक्तीच्या अभावामुळे, हा तिचा मध्यवर्ती विचार होता. बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठा'तील अरण्यवासी संन्यासी योद्ध्यांची छाया तिच्यावर उघड पडलेली आहे. आणि बारा वर्षे मराठी मंडळींत राहिलेल्या लेखकाला भवानी हे नाव सुचावे, यात शिवचरित्राच्या परिचयाचाही भाग असणार हे तर्काने म्हणता येते. योद्ध्यांना देवतेची जागा हवी आणि ती जागा लोकांच्या नजरेपासून दडलेली हवी, ही कल्पना येथे युद्धाच्या आराखड्यातच आलेली आहे. ती पराभवानंतरची सोय नव्हती.

त्या जागेचा शोध प्रत्यक्षात घेतला गेला. बारींद्र घोष विंध्याच्या रानात, अमरकंटकच्या बाजूला, मंदिरासाठी योग्य स्थळ हुडकत हिंडले आणि स्थळाऐवजी डोंगरी ताप घेऊन बडोद्याला परतले. औषधांनी ताप हटेना, तेव्हा एका नागा साधूने पेल्यात पाणी घेतले, मंत्र म्हणत चाकूने ते पाणी आडवे-उभे कापले आणि रोग्याला पाजले, ताप उतरला. या प्रसंगात चमत्कार किती आणि योगायोग किती याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. अरविंदांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र नोंदण्याजोगा आहे : योगात अशी शक्ती असेल, तर ती देशाच्या कार्यासाठी का वापरू नये? मोक्षाची इच्छा त्यात नव्हती. पाश्चात्त्य शिक्षणात वाढलेला, ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत असलेला हा प्राध्यापक योगाकडे शस्त्रशोधकाच्या दृष्टीने वळला, आणि हे त्याने कधी लपविले नाही.

यावर प्रतिपक्षी असे म्हणू शकेल की, 'भवानी मंदिर' ही मुळात बारींद्रांची कल्पना होती, अरविंदांनी केवळ लेखणी चालविली आणि स्वतःपुरती ती योजना लवकरच सोडून दिली. हे खरे आहे, आणि अरविंदांनीच पुढे तसे सांगितले आहे. परंतु सोडून दिली ती डोंगरातील इमारत. त्या इमारतीमागची मागणी सुटली नव्हती. याचा निर्वाळा 30 ऑगस्ट 1905 रोजी त्यांनी पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलेले पत्र देते. आपल्याला तीन वेडे लागली आहेत असे त्यात ते सांगतात : आपल्याजवळचे सारे ईश्वराचे आहे आणि निर्वाहापुरतेच आपण घ्यावे, हे पहिले, ईश्वराचा साक्षात्कार या जन्मातच झाला पाहिजे, हे दुसरे, आणि देश ही माता असून तिच्या छातीवर राक्षस बसला असता पुत्राने स्वस्थ राहू नये, हे तिसरे. त्याच पत्रात, आपण तलवार-बंदुकीने नव्हे तर ज्ञानाच्या बळाने लढणार आहोत, क्षात्रतेजाखेरीज ब्रह्मतेज नावाचे दुसरे एक तेज आहे, असेही ते स्पष्ट करतात. ब्रह्मतेज म्हणजे तपाने आणि ज्ञानाने मिळणारे सामर्थ्य. हे पत्र प्रसिद्धीसाठी लिहिलेले नव्हते. पोलिसांनी झडतीत ते नेले आणि अलीपूरच्या खटल्यात पुरावा म्हणून वाचले, म्हणून जगाला कळले. सरकारने जी साक्ष त्यांच्याविरुद्ध उभी केली, तीच आज पलायनाचा आरोप खोडून काढते.

शोधाचा पुढचा टप्पा मराठी वाचकाला जवळचा आहे. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेची काँग्रेस उधळल्यानंतर अरविंद बडोद्याला गेले आणि तेथे ग्वाल्हेरहून बोलावून घेतलेल्या विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी त्यांची गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत दोघे तीन दिवस बसले. मनात येणारे विचार आपले नसून बाहेरून आत शिरतात, तेव्हा ते शिरण्यापूर्वीच परतवावेत, एवढीच लेल्यांची शिकवण होती, आणि तेवढ्यावर अरविंदांचे मन संपूर्ण निःशब्द झाले. त्यानंतर लगेच, जानेवारी 1908 मध्ये, पुणे, मुंबई, नाशिक, धुळे, अमरावती आणि नागपूर येथे त्यांनी राष्ट्रीय पक्षाची व्याख्याने दिली. मुंबईच्या सभेपूर्वी आपले मन रिकामे आहे, बोलावे काय, असे त्यांनी लेल्यांना विचारले; श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे, शब्द येतील, असे लेल्यांनी सांगितले, आणि तसेच घडले. ज्यांना योग आणि राजकारण ही परस्परांना छेद देणारी क्षेत्रे वाटतात, त्यांनी जानेवारी 1908 चा हा महिना कसा लावावयाचा ते सांगितले पाहिजे. शांततेची सर्वांत खोल अनुभूती आणि जहाल मताचा सर्वांत भरगच्च प्रचारदौरा हे दोन्ही एकाच महिन्यात, एकाच देहात नांदले.

2 मे 1908 रोजी, मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर, त्यांना अटक झाली आणि अलीपूरचा खटला उभा राहिला. झडतीच्या वेळी एका पुठ्ठ्याच्या डबीत दक्षिणेश्वरची माती सापडली, आणि क्लार्क नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने हे एखादे नवे स्फोटक असावे अशा संशयाने ती बराच वेळ निरखली. अरविंदांनी पुढे बंगालीत लिहिलेल्या आपल्या कारावासाच्या हकिकतीत हा प्रसंग दिला आहे. क्लार्कचा संशय रसायनशास्त्रदृष्ट्या चुकीचा होता. पण क्रांतिकारकाच्या घरात पवित्र स्थळाची माती काय करते, हा त्याचा प्रश्न आजच्या अनेक टीकाकारांपेक्षा अधिक नेमका होता.

6 मे 1909 रोजी ते निर्दोष सुटले आणि 30 मे रोजी उत्तरपाडा येथील भाषणात त्यांनी उघडपणे सांगितले की, अटकेपूर्वी सुमारे महिनाभर आपल्याला सर्व काम बाजूला ठेवून एकांतात जाण्याची आतून हाक आली होती, परंतु काम प्रिय असल्यामुळे आपण ती ऐकली नाही. हे विधान फ्रेंच हद्दीतील चंदननगरला जाण्याच्या नऊ महिने आधीचे, हजारो श्रोत्यांसमोरचे आहे. पुढे पळून जाण्याचा बेत असलेल्या मनुष्याने नऊ महिने आधी स्वतःच त्याची जाहीर वाच्यता केली, असे मानावयाचे काय? शिवाय या नऊ महिन्यांत ते गप्प नव्हते; 'कर्मयोगिन्' साप्ताहिक काढून आणि देशबांधवांना अनावृत पत्रे लिहून त्यांनी सरकारला डिवचण्याचे काम चालूच ठेवले होते.

आता वॉरंटाचा मुद्दा. फेब्रुवारी 1910 मध्ये पुन्हा अटक होणार असल्याची बातमी आली तेव्हा अरविंद 'कर्मयोगिन्'च्या कचेरीत होते; चंदननगरला जाण्याचा आदेश, म्हणजे आतून मिळालेली निःसंदिग्ध आज्ञा, ऐकून ते तसेच उठून घाटावर गेले आणि नावेत बसले. बातमी आणि निर्गमन यांचा संबंध नाकारण्याचे कारण नाही. तो नाकारणारे भाविक सत्याशी फटकून वागतात. परंतु त्या दिवशी त्यांच्यावर कोणताही हुकूम निघालेला नव्हता. 'कर्मयोगिन्'मधील 25 डिसेंबर 1909 च्या लेखाबद्दल राजद्रोहाचे वॉरंट निघाले ते 4 एप्रिल 1910 रोजी, म्हणजे नेमके ते पाँडिचेरीत उतरले त्या दिवशी. आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो लेख राजद्रोही नाही असे ठरवून मुद्रकाची शिक्षा रद्द केली. भीती हेच कारण असते, तर या निकालानंतर परतण्याची वाट मोकळी झाली होती. ते परतले नाहीत. उलट त्याच महिन्यात मद्रासच्या 'हिंदू' पत्रातून आपला ठावठिकाणा त्यांनी स्वतः जाहीर केला. फरारी मनुष्य पोलिसांना आपला पत्ता छापून कळवीत नसतो.

पाँडिचेरी हे सुखाचे आश्रयस्थान होते, ही समजूतही तपासली पाहिजे. चंदननगरात मोतीलाल राय यांच्या घरी खुर्च्या साठविण्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढल्यानंतर पाँडिचेरीतील शंकर चेट्टी यांच्या घराचा वरचा मजला मिळाला खरा, पण पैशाची ओढाताण वर्षानुवर्षे राहिली आणि गुप्तहेरांचा पहारा उठला नाही. जून 1911 मध्ये तिनेवेल्लीचे कलेक्टर अॅश यांची हत्या झाल्यानंतर तो अधिकच वाढला. पाँडिचेरीतच आश्रयाला असलेले क्रांतिकारक व्ही. व्ही. एस. अय्यर यांच्या घरच्या विहिरीत बनावट कागदपत्रांचे भांडे टाकून सगळ्या मंडळींना गोवण्याचा डाव रचला गेला. भांडे सापडताच अय्यरांनी स्वतः फ्रेंच अधिकाऱ्यांना कळवावे, हा सल्ला अरविंदांचा होता. झडतीला आलेल्या फ्रेंच दंडाधिकाऱ्याला अरविंदांकडे ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ आढळले आणि तो आदराने परत गेला.

पलायनाचा आक्षेप असा निरस्त होत असला, तरी दुसऱ्या बाजूच्या एका मताचेही खंडन केल्याशिवाय मंडन पुरे होत नाही. काही भक्त असे मानतात की राजकारण ही केवळ बाहेरची ओसरी होती, पाँडिचेरी आधीपासून ठरलेली होती. आणि त्यासाठी उत्तरेकडील एक योगी दक्षिणेत आश्रयाला येईल या जुन्या तमिळ योग्याच्या भाकिताचा दाखला ते देतात. भाकितावर इतिहास उभा राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, या मताने मुझफ्फरपूर प्रकरणात खुदिराम बोस फासावर गेले, बारींद्र आणि त्यांचे सहआरोपी उल्लासकर काळ्या पाण्यावर गेले, त्या यातनांना एका महापुरुषाच्या आत्मविकासातील पायरीचे स्थान उरते. हे अन्यायाचे आहे. अरविंदांनी ते राजकारण मनापासून केले होते, आणि ते गेल्यामुळे बंगालचा राष्ट्रीय पक्ष नेतृत्वहीन झाला हे नुकसानही खरे होते. तसेच देशाला भवानीच्या रूपात पाहणाऱ्या योजनेत मुसलमान देशबांधवांना जागा कोठे होती, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या पुस्तिकेत मिळत नाही. तो तिचा दोष आहे आणि आदरापोटी तो झाकू नये.

हे सारे मान्य करूनही सिद्धान्त असा उरतो की, अमरकंटकचे रान, चांदोदजवळच्या गंगनाथचा नर्मदाकाठ, मजुमदारांच्या वाड्यातील खोली, अलीपूरची कोठडी आणि पाँडिचेरी ही एकाच शोधाची स्थळे आहेत. त्यातील एकही आधीच्या स्थळाचा इन्कार करून निवडलेले नाही. बदलले ते स्थळाचे स्वरूप : बारींद्रांना जे डोंगरावर हवे होते ते अरविंदांना अंतःकरणात सापडू लागले, आणि शक्ती देशासाठी मागता मागता ती मनुष्यजातीसाठी मागण्यापर्यंत त्यांची मागणी वाढत गेली. याची साक्ष महाराष्ट्राशीच झालेल्या दोन पत्रव्यवहारांत आहे. जानेवारी 1920 मध्ये टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांनी मुंबईहून नियोजित पत्राचे संपादकपद देऊ केले, तेव्हा पाँडिचेरी ही आपल्या तपस्येची गुहा आहे, पण ती संन्याशाच्या परंपरेतील नव्हे, आणि तेथील काम पुरे होईपर्यंत आपण बाहेर पडणार नाही, असे अरविंदांनी कळविले. त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले आणि नागपूर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी डॉ. मुंजे यांनी त्यांना गळ घातली. टिळकांच्या पश्चात राष्ट्रीय पक्षाचे पुढारीपण चालून आले असता, कोणताही खटला डोक्यावर नसता, 30 ऑगस्ट रोजी त्यांनी मुंजे यांनाही नकार कळविला आणि कारण म्हणून पाँडिचेरीत चालू असलेल्या साधनेकडेच बोट दाखविले.