गर्दीतले मौन

पुढील वर्षापासून आपल्या महाविद्यालयातील विभागवार आणि वर्गवार चालणारे फोनवरचे सर्व ग्रुप बंद करून साऱ्या विद्यार्थ्यांचा मिळून एकच ग्रुप करावा, अशी एक सूचना सध्या प्राध्यापकांच्या खोलीत आणि कट्ट्यावर सारख्याच उत्साहाने चर्चिली जात आहे. सूचनेमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. एकच नोटीस दहा-बारा ठिकाणी टाकावी लागते, त्यांतला एखादा ग्रुप नेमका राहून जातो आणि मग 'आम्हांला कळलेच नाही' अशी तक्रार घेऊन मुले कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहतात. कार्यालयातील मंडळींचा त्रास समजण्यासारखा आहे. शिवाय आता सोयही झाली आहे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात २०१६ पासून २५६ माणसे मावत. २०२२ साली ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. आपण सारे साडेसहाशेच्या घरात. म्हणजे संपूर्ण महाविद्यालय एका ग्रुपात बसते आणि वर जागाही उरते. बसते म्हणून बसवावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मला ते नको वाटते. मी तृतीय वर्षाला आहे आणि मानसशास्त्र हा माझा विशेष विषय. आमच्या विभागाच्या ग्रुपवर आम्ही अकरा विद्यार्थी आणि बाई अशी बारा माणसे. रात्री साडेदहाला कोणी 'प्रतिगमन म्हणजे नक्की काय? उदाहरण द्या' असे विचारले, तर झोपण्यापूर्वी तीन उदाहरणे येतात. त्यांतले एक हटकून चुकीचे असते, त्यावर हसणे होते, आणि सकाळी बाई येऊन दुरुस्ती करतात. याच अकरा जणांना मी प्रथम वर्षाच्या ग्रुपवरही पाहिलेले आहे. तेथे आम्ही दीडशेच्या आसपास होतो. तेथे काय असे? सुप्रभाताची फुले, वाढदिवसाचे केक, 'उद्या लेक्चर आहे का?' असा एखादा प्रश्न आणि त्याखाली पसरलेली शांतता. ज्या मुलीने तेथे वर्षभरात एक ओळ लिहिली नाही, तीच आता विभागाच्या ग्रुपवर बाईंशी फ्रॉइडवरून वाद घालते. मुलगी तीच, फोन तोच, रिचार्जही तोच. कोणी म्हणेल, दोन वर्षांत तिला धीटपणा आला. मग यंदाच्या गॅदरिंगच्या मोठ्या ग्रुपवर तिने एकदाही तोंड का उघडले नाही?

माझ्या मते कारण साधे आहे. लहान गटात आपले गप्प बसणे दिसते. मोठ्या गटात आपले बोलणे दिसते. बारा जणांत मी तीन दिवस काही लिहिले नाही, तर 'बरी आहेस ना?' असे विचारणारे कोणीतरी निघतेच. साडेसहाशे जणांत मी महिनाभर नसले तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. पण एक ओळ लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली, तर ती साडेसहाशे जणांसमोर होते. वर तिचा स्क्रीनशॉट काढून फिरवणारे विनोदी वीर प्रत्येक वर्गात असतातच. म्हणजे एका ठिकाणी मौन महाग आणि बोलणे स्वस्त, तर दुसऱ्या ठिकाणी बोलणे महाग आणि मौन फुकट. माणूस काही मूर्ख नाही. जो सौदा स्वस्त पडतो तो तो पत्करतो. त्याला आळशी, निरुत्साही किंवा 'आजची पिढी' म्हणून नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आणि हे महाग पडणे सगळ्यांना सारखे नसते, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलली जाते, त्याला साडेसहाशे जणांसमोर चार ओळी लिहिण्याचे फारसे काही वाटत नाही. जो 'पाणी'ला 'पानी' म्हणत वाढला आणि जसे बोलतो तसे लिहितो, तो लिहितो, वाचतो, पुसतो आणि फोन बाजूला ठेवतो. मोठ्या ग्रुपवर सर्वांना समान संधी आहे असे म्हणतात. प्रत्यक्षात तेथे रोजचे पाच-सहा धीट लोक बोलतात आणि बाकीच्यांची गणना श्रोत्यांत होते. याकोब नील्सन यांनी २००६ साली इंटरनेटवरील समुदायांविषयी एक ठोकळ प्रमाण मांडले होते: शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक सारे लिखाण एकटा उरलेला करतो. हे प्रमाण आमच्या अकरा जणांना लावले, तर आमच्यात एका माणसाचा नववा हिस्सा तेवढा बोलका निघेल! तसे होत नाही, कारण हे प्रमाण गर्दीचे आहे, माणसाच्या स्वभावाचे नाही.

हे केवळ माझे निरीक्षण असते, तर मी लेख लिहायला बसले नसते. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ माणसे एकत्र ओढू लागली की दरडोई जोर एकट्याने ओढण्याच्या जवळजवळ निम्म्यावर येई. सर्वांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही हे त्याचे एक कारण होते खरे. पण तेवढेच नव्हते. १९७९ साली बिब लातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावले, तेव्हाही गटात प्रत्येकाचा आवाज खाली आला. पुढे १९८१ साली त्यांनीच प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोफोन दिला, आपला आवाज वेगळा मोजला जात आहे असे कळू दिले, आणि हा ढिलेपणा नाहीसा झाला. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की विद्यार्थी तेच होते. 'माझे मोजले जाते' एवढी जाणीव पुरली. लहान गटात ती जाणीव मायक्रोफोनवाचून होते.

पण माझ्या मुद्द्याला अधिक जवळचा प्रयोग १९६८ चा आहे. जॉन डार्ली आणि लातानी यांनी न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि यंत्रावरून एकमेकांशी महाविद्यालयीन जीवनातील अडचणींविषयी बोलायला सांगितले. कोणी कोणाला पाहू शकत नव्हते, फक्त आवाज येत होता. (फोनच्या ग्रुपची ही चाळीसेक वर्षे आधीची आवृत्तीच म्हणायची.) बोलता बोलता एकाला झटका आल्यासारखा आवाज येऊ लागे. तो आवाज आधीच टेप केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतले ८५ टक्के झटका थांबण्याआधीच मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत अशी ज्यांची समजूत होती, त्यांतले ३१ टक्केच उठले. ही मुले काही दगडाच्या काळजाची नव्हती. न उठलेल्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, असे प्रयोगकर्त्यांना आढळले. फक्त 'दुसरे कोणी गेले असेल' हा विचार प्रत्येकाच्या मनात होता.

माझी मावसबहीण दुसऱ्या एका गावी महाविद्यालयात शिकते. तेथे दोन वर्षांपूर्वी असाच सर्वांचा मिळून एक ग्रुप झाला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीच्या दाखल्याची नवी प्रत जोडायची की जुनी चालेल, असा प्रश्न तिने त्यावर विचारला. चारशेवर लोकांनी तो वाचला. तिने नंतर उघडून पाहिले, तेव्हा वाचणाऱ्यांची यादी खाली खाली सरकतच होती म्हणे. उत्तर मात्र एकही आले नाही. दोन अंगठे आले, ते कशाला ते त्यांनाच ठाऊक. त्याखाली थोड्या वेळाने क्रिकेटचा निकाल आला आणि प्रश्न वर निघून गेला. दाखला नवा लागतो हे तिला कळले तेव्हा मुदत संपत आली होती, आणि तहसीलला दोन फेऱ्या मारूनही तो वेळेत मिळाला नाही. त्या वर्षीची फी काकांनी भरली. त्या चारशेंत उत्तर ठाऊक असलेले निदान पन्नास असतील, आणि ते सारे वाईट होते असे मी मानत नाही. तोच प्रश्न तिने वर्गातल्या पंधरा जणींत विचारला असता, तर 'आता कोणी उत्तर द्यायचे?' हा पेच त्या पंधरा जणींना सोडवावाच लागला असता.

फोनच्या ग्रुपावरून एकदम ग्रामसभेकडे वळले तर राज्यशास्त्राचे सर हसतील. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, की सर्वांना बोलावल्यावर येते कोण आणि बोलते कोण. आपल्या राज्यात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पाच हजार मतदारांच्या गावात म्हणजे दोन टक्के पुरे. गाव मोठे झाले की लोक यायचे नाहीत, हे नियमाने आधीच गृहीत धरले आहे. याउलट गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव पाहा. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घेण्याची रीत गावाने पाडली आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट चालवला. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क ज्या पहिल्या गावांना मिळाला, त्यांत मेंढा होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे तेथे होती, हे खरेच. परंतु तेवढीच माणसे दहा हजारांच्या गावात असती, तर सर्वसंमती साधली असती काय? मला शंका आहे. आदिवासी भागासाठी १९९६ साली जो पेसा कायदा झाला, त्यात 'गाव' म्हणून पाड्यालाही मान्यता देण्याची सोय आहे, ती उगाच नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. लहान गट म्हणजे काही स्वर्ग नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवगीतांवर जो कठोर प्रहार केला, तो आजही वाचावा. लहान समूहात प्रत्येकाचे दिसते, याचा अर्थ प्रत्येकावर नजरही असते. ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याला त्या जवळिकीचा काय उपयोग? वसतिगृहातही मी पाहते, की मुलींचे छोटे ग्रुप आपोआप बनतात ते तालुक्यावरून, आणि खरे बोलायचे तर जातीवरूनही. तेथे आतल्या बोलतात, पण बाहेरचीला तो ग्रुप आहे हेदेखील माहीत नसते. तेव्हा 'लहान असू द्या' एवढे म्हणून भागत नाही. लहान गट कोणी, कशावरून जोडला आणि त्यातून बाहेर पडता येते की नाही, हेही पाहावे लागते. खेड्यातून उठून जाणे सोपे नव्हते. फोनच्या ग्रुपातून बोट टेकवून बाहेर पडता येते, आणि २०२२ पासून तर 'अमुक बाहेर पडले' ही दवंडीही सर्वांपुढे पिटली जात नाही, फक्त ॲडमिनला कळते. विभागाचा ग्रुप अभ्यासक्रमाने जोडलेला असतो, सोयरिकीने नव्हे. आमच्या अकरा जणांत सहा तालुके आहेत. एरवी आम्ही एका बाकावर बसलो नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे. साडेसहाशेंचा एक ग्रुप जरूर करावा आणि त्यावर फक्त कार्यालयाने लिहावे. इतरांना लिहिण्याची सोयच बंद ठेवावी. तो सूचना फलक आहे, त्याला चर्चेचे सोंग देऊ नये. विभागांचे ग्रुप आहेत तसे चालू द्यावेत. राहिला प्रथम वर्षाचा प्रश्न, जेथे दीडशे मुले एका ठिकाणी कोंबली जातात आणि जेथे खरे तर प्रश्न सर्वांत अधिक असतात. त्यांचे वीस-वीसचे ग्रुप पाडावेत, आणि प्रत्येकात एक प्राध्यापक व तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी असावा. विद्यार्थी-पालक योजना कागदावर आपल्याकडे आहेच, तिला एवढे काम देता येईल. फक्त याद्या हजेरी क्रमांकाने करू नयेत. आपल्याकडे हजेरी आडनावांच्या अक्षरक्रमाने लागते, तेव्हा सगळे पाटील एका ग्रुपात आणि सगळे शिंदे दुसऱ्या ग्रुपात जातील. चिठ्ठ्या टाकाव्यात. दर सहामाहीला पुन्हा टाकाव्यात, म्हणजे कंपूही होणार नाहीत.

कामाचा व्याप वाढेल, अशी अडचण कार्यालयाने सांगितल्याचे ऐकिवात आहे. दीडशे नावांच्या चिठ्ठ्या करायला, उचलायला आणि याद्या लिहायला फार तर एक दुपार लागेल. आमच्या विभागातल्या अकरा जणांनी ती दुपार द्यायचे ठरवले आहे, आणि प्रवेश पूर्ण झाल्यावर नावे मिळावीत असा अर्ज बाईंच्या सहीने कार्यालयात दिला आहे.