न आवरलेले टेबल

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. गेल्या दिवाळीत पितळी समया आणि फराळाचे डबे काढताना त्यांच्या मागून एक चपटा पुठ्ठ्याचा खोका निघाला. झाकणावर धूळ होती आणि धुळीखाली एक निळी मोटार. मोटारीला मागे दोन चाके आणि पुढे चार, अशी एकूण सहा. बंगळूरहून सणासाठी आलेला आमचा मुलगा शिडी धरून उभा होता. खोका पाहताच तो म्हणाला, "बाबा, हा अजून आहे?" त्याच्या आवाजात आनंद होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळले नाही.

हा खोका त्याच्या मामाने १९९८ साली सिंगापूरहून आणला होता. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. खोक्यात टिरेल पी-३४ या शर्यतीच्या मोटारीची एकास वीस प्रमाणातली प्रतिकृती होती. म्हणजे तिचे सुटे भाग. जपानच्या तामिया कंपनीचे हे किट. मी त्या वेळी मराठवाड्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. मुलाने सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले. मी बँकेतून आलो आणि म्हणालो, "आधी टेबल आवर. सहामाही होऊ दे, मग आपण दोघे मिळून बसू." सहामाही झाली, वार्षिक झाली, माझी बदली झाली. खोका आमच्या सामानाबरोबर तीन गावे फिरला आणि शेवटी पुण्यातल्या माळ्यावर येऊन विसावला. मुलाने पुन्हा कधी विषय काढला नाही. त्याला आठवण नसेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

खोका खाली आला तो आमच्या आठ वर्षांच्या नातीच्या हाती. तिचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता : "आजोबा, हिला सहा चाकं कशाला?"

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. केन टिरेल हा इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला लाकडाचा व्यापारी. आपल्या वखारीच्या आवारातल्या एका लाकडी शेडमधून त्याने शर्यतीचा संघ उभा केला आणि फॉर्म्युला वनमध्ये जगज्जेतेपद मिळवले. त्याचा अभियंता होता डेरेक गार्डनर. त्या काळी बहुतेक संघांकडे इंजिन एकच, कॉसवर्थ कंपनीचे. मग पुढे जायचे कसे? गार्डनरने विचार केला तो वाऱ्याचा. पुढची मोठी चाके वारा अडवतात. ती लहान करून मोटारीच्या नाकाआड लपवली तर वेग वाढेल. पण लहान चाकाची रस्त्यावरची पकड कमी. म्हणून दोनाऐवजी चार चाके, प्रत्येक दहा इंची. सप्टेंबर १९७५ मध्ये लंडनमध्ये ही मोटार प्रथम पत्रकारांपुढे आली तेव्हा अनेकांना ती थट्टा वाटली. पण १३ जून १९७६ रोजी स्वीडनच्या शर्यतीत जोडी शेक्टर पहिला आला आणि पॅट्रिक देपायले दुसरा. दोघेही सहा चाकांवर. सहा चाकांची मोटार फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली ती तेवढी एकदाच.

पुढच्या वर्षी गाडे बिघडले. मोटार जड झाली, आणि दहा इंची टायर वापरणारा संघ जगात एकटा टिरेल. टायर कंपनी इतरांच्या नेहमीच्या मापाचे टायर सुधारत राहिली, हे छोटे टायर मागे पडले. १९७७ अखेर सहा चाकांची मोटार निवृत्त झाली आणि १९८३ साली नियमच आला की चाके चारच हवीत. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जुन्या मोटारींच्या शर्यतींसाठी कोणी तरी दहा इंची नवे टायर बनवून घेतले, तेव्हा हीच मोटार पुन्हा जिंकू लागली. कल्पनेत दोष नव्हता. तिला हवी ती गोष्ट वेळेवर मिळाली नाही.

प्रतिकृती काढणाऱ्या तामियांचे मूळही लाकडातच. योशिओ तामिया यांनी १९४६ साली शिझुओका शहरात लाकूड कापण्याचा आणि विकण्याचा व्यवसाय सुरू केला. हाताशी लाकूड होते म्हणून लाकडी जहाजे आणि विमाने बनवू लागले. परदेशी प्लॅस्टिकची खेळणी आली तेव्हा लाकडाला गिऱ्हाईक उरेना. १९६० साली 'यामातो' या युद्धनौकेची त्यांची पहिली प्लॅस्टिक प्रतिकृती निघाली, तर दुसऱ्या कंपनीने तीच नौका आधीच स्वस्तात बाजारात आणलेली. त्यामुळे साच्याचा खर्चही निघाला नाही. पण ते टिकले. त्यांचे चिरंजीव शुन्साकु यांची एक गोष्ट प्रतिकृतीवाल्यांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती करायची होती. मापे मनासारखी मिळेनात, तेव्हा या गृहस्थाने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि स्क्रूनिशी सुटी केली. सुटी केली खरी, पण पुन्हा जोडता येईना. त्यासाठी पोर्शेचा जाणकार बोलवावा लागला. एवढे करून किटचा खर्च भरून निघेना, म्हणून तेच मोटारीचे कवच घेऊन त्यांनी रेडिओवर चालणारी छोटी मोटार काढली आणि ती धडाक्यात खपली. माझ्यासारख्या बँकवाल्याने हा कर्जाचा प्रस्ताव पहिल्या पानावरच नामंजूर केला असता. शुन्साकु तामिया जुलै २०२५ मध्ये ९० व्या वर्षी निवर्तले.

तर त्या दिवाळीत आम्ही तिघे, म्हणजे मी, मुलगा आणि नात, टेबलाशी बसलो. सत्तावीस वर्षांत खोक्याच्या आतही बरेच काही घडले होते. एक टायर पांढऱ्या भागाला टेकून पडला होता. त्यातल्या रसायनाने प्लॅस्टिक खाऊन तिथे खड्डा केला होता. पाण्यात भिजवून सरकवायची नावे-आकडे पिवळी पडली होती. ती पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवली की ऊन पिवळेपणा काढून टाकते, हे मुलाने कुठेसे वाचले होते. तसे केले, आणि दोन-तीन आठवड्यांत ती खरेच उजळली.

हे काम मुलांचे खेळणे समजून बसाल तर फसाल. भाग चौकटीतून ओढून तोडायचा नाही. कटरने जरा लांबून कापायचा, उरलेला कोंब पात्याने काढायचा, मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचा. जोडायचे द्रव्य डिंकासारखे चिकटवत नाही. ते दोन्ही कडांचे प्लॅस्टिक किंचित विरघळवते, आणि सुकल्यावर दोन भागांचा एकच होतो. एकास वीस म्हणजे इथला एक मिलिमीटर तिथले दोन सेंटिमीटर. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या मोटारीवर तो दोन मिलिमीटरचा लेप झाला! म्हणून पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, पुन्हा द्यायचा. रंगापेक्षा थांबणेच जास्त. या मोटारीच्या दोन्ही बाजूंना चिमुकल्या खिडक्या आहेत. चालकाला स्वतःची पुढची चाके दिसावीत म्हणून त्या ठेवलेल्या. प्रतिकृतीतही त्यांची नखाएवढी पारदर्शक तावदाने आहेत. बोटाचा ठसा उमटला की काम फुकट.

आणि वरचे आवरण बसले की यातले कितीतरी दिसेनासे होणार. तरी ते करायचे. इटलीच्या पोखेर कंपनीची एकास आठ प्रमाणातली अल्फा रोमिओ जोडणारे चाकाचा एकेक आरा हाताने ओवतात. इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह यांनी तर किट न घेता, खऱ्या मोटारींची मापे घेऊन धातूतून प्रतिकृती घडवल्या. मला यात आमचे जुने क्लोजिंग आठवते. दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत लेजर चाळत असू. खिशातून दहा पैसे टाकून घरी जाता आले असते. तसे कोणी केले नाही. त्या रात्रींचा मला अजून अभिमान आहे. मात्र त्यातल्याच कुठल्या तरी एका रात्री घरी काय झाले, हे मला या दिवाळीपर्यंत माहीत नव्हते.

इंजिनाचे भाग शोधताना नातीला चौकटीत दोन जागा रिकाम्या दिसल्या. ते भाग खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत मिळाले. इंजिनाचे दोन अर्धे तुकडे दातांनी तोडल्यासारखे वेडेवाकडे काढलेले आणि एकमेकांवर दाबून बसवलेले. मधून वाळलेला पांढरा डिंक ओघळला होता, लाकडाला लावतात तो. मी हातात घेतले मात्र, दोन्ही तुकडे अलग झाले. तो डिंक प्लॅस्टिकला धरत नाही.

मुलगा हसला. म्हणाला, "मार्चअखेर होती, बाबा. तुम्ही म्हणाला होता, आज लवकर येतो. मी वाट बघितली. मग म्हटलं, निदान इंजिन तरी करून ठेवू, म्हणजे बाबा आल्यावर पुढचं करता येईल. ते चिकटेचना. तुम्ही रागवाल म्हणून खाली लपवलं."

रागावलो असतोच. तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही, म्हणून मला ते जास्त लागले. मी काही तरी बोलावे म्हणून चष्मा पुसत राहिलो. नातीने ते तुकडे घेतले, कोमट पाण्यात टाकले आणि जुन्या टूथब्रशने डिंक खरवडू लागली. तिच्या लेखी तो फक्त चुकीचा डिंक होता.

हल्ली मुले हाताने काही करत नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो आणि मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. १९९८ साली आमच्या घरी मोबाइल नव्हता. मुलाला हौस होती, खोका होता, टेबलही होते. नव्हती ती अर्धवट काम अर्धवट राहू देण्याची मुभा. आपल्या घरांत अपुऱ्या गोष्टीला जागा नसते. जेवणाची वेळ झाली की "आवरा, पानं घ्यायची आहेत". पाहुणे आले की "आवरा". परीक्षा आली की "आवरा, नंतर कर". शाळेने प्रकल्प दिला तर तोही आदल्या रात्री आईवडील थर्मोकोल कापून पुरा करतात. मुलाच्या हाती येते ती तयार वस्तू. छंदवर्गाची फी आपण भरतो, पण घरातले दोन फूट टेबल सोडत नाही. आणि ज्या कामात रंग सुकायलाच दिवस लागतो, ते रोज आवरून रोज मांडता येत नाही. दोन-तीनदा आवरायला लावले की मूल स्वतःच मांडायचे थांबते. आपण त्याला शहाणे झाले म्हणतो.

आपल्याकडे या गोष्टीची एक चांगली रीत होतीच : दिवाळीतला किल्ला. दगड, पोती आणि चिखलाचा तो डोंगर, त्यावर बुरूज, पायथ्याशी पेरलेले अळीव, प्रतिकृतीच ती. तिला अंगणात हक्काची जागा असे. चार-सहा दिवस ती अपुरी, ओली, राडा करणारी अशी पडून असे आणि येणारेजाणारे तिला वळसा घालून जात. "आवर" असे कोणी म्हणत नसे. फ्लॅट आले, अंगणे गेली. काही सोसायट्यांत किल्ले अजून होतात, ही समाधानाची गोष्ट. पण किल्ल्याला मिळणारी ती मुभा वर्षातले उरलेले दिवसही घरात असायला काय हरकत आहे? त्यासाठी परदेशी महागडे किट लागत नाही. पुठ्ठ्याचे घर चालेल, पतंग चालेल, बिघडलेला रेडिओ उघडून ठेवला तरी चालेल. अट एकच : मूल स्वतः आवरेपर्यंत घरातल्या कोणीही ते आवरायचे नाही.

माझ्या पत्नीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अहो, तेव्हा आवर म्हणणारे तुम्हीच होता." खरे आहे. म्हणून तर लिहितो आहे.

भाऊबीज झाली, मंडळी बंगळूरला परतली. इंजिन जोडून झाले आहे. या वेळी योग्य द्रव्याने, आणि बापलेकीने मिळून. डाव्या बाजूला सांध्याची एक रेघ अजून दिसते. वॉटर पेपरने ती घालवता आली असती, पण मुलगा म्हणाला, राहू दे. जाताना नातीने मला बजावले, "मे महिन्यात येईपर्यंत काही हलवायचं नाही. आजी, तू पण नाही."

तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग निळ्या मोटारीचा आहे. आम्ही दोघे उरलेल्या अर्ध्यावर जेवतो. दुपारी थोडे काम मीही करतो. हात जरा कापतो, मग थांबतो. मागची दोन चाके मी बसवली. पुढची चारही तिच्यासाठी ठेवली आहेत.