मालमोटारीचे टायर आणि पाणंदीची वाट

सीताफळांचा हंगाम जवळ आला म्हणजे मांजरसुंब्याच्या चौकात टायरांची चर्चा सुरू होते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२, पाटोद्यावरून अहिल्यानगरास जाणारा रस्ता आणि केज-अंबाजोगाईकडील रस्ता येथे मिळतात. सबब बालाघाटच्या माळावरील पुष्कळसा माल येथूनच बाहेर पडतो. आमच्या जिल्ह्याच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी; परंतु पिकू लागलेले फळ मानांकनाकरिता थांबत नाही. गाडी पाणंदीत रुतली व रात्र गेली की दुसरे दिवशी अर्धा भाव.

ह्या भीतीने आमचे पुष्कळ शेतकरी बंधू पिकअप गाडीस चारही चाकांना उंच ठोकळ्यांचे, दिसण्यात दांडगे टायर बसवितात. हे आम्हांस पसंत नाही. ज्या गाडीचे दिवसाचे ऐंशी मैल डांबरावर व अर्धा मैल चिखलात जातात, तिचे टायर मुख्यतः डांबराकरिताच निवडले पाहिजेत. उंच ठोकळे डांबरावर लवकर झिजतात, आवाज करतात, तेल अधिक खातात. आणि घाटात ओल्या सडकेवर ब्रेक लावता तितकी पकडही देत नाहीत. शिवाय काळ्या चिकणीत ठोकळ्यांमधील फटी भरून गेल्या म्हणजे महागडे चाकही गुळगुळीत लाटण्यासारखे फिरते! आमच्या मते पुढे सरळ रेघांचे व मागे, जेथे यंत्राचा जोर लागतो तेथे, मध्यम खोल नक्षीचे टायर हीच निवड बहुतेकांस पुरेशी आहे. ज्यास ‘ऑल टेरेन’ म्हणतात ते टायर ज्याची वाट रोज निम्मी कच्ची आहे त्याने घ्यावेत.

नायलॉन की रेडियल, हा दुसरा प्रश्न. रेडियलमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. तो लांब पल्ल्यास कमी तापतो व अधिक टिकतो. मात्र त्याची बाजू मऊ असल्याने माळावरील धारदार दगडाने ती कापली जाते. नायलॉनची बाजू जाड असते व किंमतही कमी. एकाच आसावर एक नायलॉन व एक रेडियल असा जोड कधीही घालू नये. रिमोल्ड टायर पुढील चाकास तर नकोच. विकत घेताना बाजूवरील चार आकडे वाचावेत: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर मालमोटारीस कायद्यानेही चालत नाही.

चिखलात थोडी हवा सोडल्याने चाक पसरते व गाडी निघते, हे खरे. पण तशीच भरलेली गाडी महामार्गावर पळविली तर टायर तापून फुटतो. हवा भरण्याचा पंप गाडीत नसेल त्याने हा उपाय करू नये.

आता आमचा खरा आक्षेप. बैलगाडीची लोखंडी धाव वाट कापीत असे. हवेचे टायर आले तेव्हा बैलांचा भार हलका झाला व वाटही वाचली. आज जोराने गरगर फिरणारे ठोकळ्यांचे चाक तीच पाणंद उकरते, आणि मागून येणाऱ्या शेजाऱ्याची गाडी त्या चरात अडकते. मग तोही तसलेच टायर घेतो. चार खातेदारांनी त्या जादा पैशात पाणंदीवर मुरूम टाकून कडेने पाण्यास वाट काढून दिली, तर चौघांच्याही गाड्या साध्या टायरांवर निघतील.

वाट अडविली गेली असेल तर त्यासही उपाय आहे. महसूल खात्यात नोकरी झाल्यामुळे एवढे सांगतो: वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करावा. रस्ताच नसेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. अर्जासोबत गावनकाशाची प्रत आणि आपला व शेजाऱ्याचा सातबारा जोडावा, व पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नये.