सक्तीची लष्करभरती आणि डॉक्टरची सही

सक्तीच्या लष्करभरतीचा विषय निघाला की राष्ट्रनिष्ठा, शिस्त, त्याग अशा भारदस्त शब्दांची रेलचेल होते. पण ज्या शरीराने हा त्याग करावयाचा, त्याची तपासणी कोण करतो आणि कोणाच्या हुकमतीखाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. ब्रिटनच्या इतिहासाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

ब्रिटनने जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा केला. उमेदवारांची वैद्यकीय तपासणी तेव्हा लष्करी खात्याच्याच हाती होती. आघाडीवर माणसे अपुरी पडू लागताच, पूर्वी अपात्र ठरलेल्यांनाही फेरतपासणीस बोलावणारा कायदा १९१७ मध्ये झाला. आजारी माणसेही 'लायक' ठरविली जात असल्याच्या तक्रारींनी पार्लमेंट हादरले. चौकशी समिती नेमावी लागली आणि त्याच वर्षी तपासणीचे काम लष्कराकडून काढून मुलकी खात्याकडे सोपविण्यात आले.

त्यानंतरच्या वर्षभरात सुमारे २४ लाख तपासण्या झाल्या. शंभरांपैकी पूर्ण सक्षम आढळले अवघे ३६. दहा जण कोणत्याही सेवेस सर्वथा असमर्थ! सुदृढ तरुण आधीच आघाडीवर गेले होते, हे खरे. तरीही हे आकडे नुसते लष्करी नव्हते. गिरण्या, खाणी, कोंदट चाळी आणि अर्धपोटी बालपण यांचा तो हिशेब होता. हीच माणसे यंत्रांपुढे झिजत होती, तेव्हा त्यांची छाती मोजावी असे राज्यकर्त्यांना वाटले नाही. खांद्यावर बंदूक देण्याची वेळ आली, तेव्हा ती मोजली गेली. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना १९१८ मध्ये चिंता वाटली, तीही साम्राज्य चालवायला दुबळी प्रजा कशी पुरणार याची!

दक्षिण कोरिया, सिंगापूर, इस्राएल या देशांत सक्तीची सेवा आजही आहे. जेथे नकाराचा अधिकार नाही, तेथे तपासणारा डॉक्टर लष्कराच्या आज्ञेबाहेरचा असलाच पाहिजे. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय हवी. आणि सेवेत शरीर मोडले तर आयुष्यभराची जबाबदारी राज्याचीच हवी.

आपल्याकडे लष्करभरती ऐच्छिक आहे. पण मालकाच्या पगारावरचा डॉक्टर कामगाराला 'कामास योग्य' ठरवतो, तेव्हा प्रश्न तोच असतो. त्या सहीमागे सत्ता कोणाची, हे तपासणे कार्यकर्त्यांचे कामच आहे.