बाळाचा लंगोट कोणी बदलायचा?

पहिले बाळ घरात आले की सल्ल्यांना तोटा नसतो. टाळू कशी भरावी, बाळंतिणीने काय खावे, नाव काय ठेवावे, याविषयी शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाचे मत तयार असते. लंगोटाविषयी मात्र कोणी बोलत नाही. ते घाणीचे काम. ते आजीने निमूटपणे उरकायचे आणि बाळाच्या बापाने त्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहायचे, अशी आपल्याकडची रीत.

पंचवीसेक वर्षे जनरल प्रॅक्टिस केल्यावर माझे मत असे बनले आहे की, पहिल्या सहा आठवड्यांत लंगोट बदलणे ही बाळाची रोजची तपासणी आहे. डॉक्टर बाळाला या काळात दोन-तीनदा पाहतो. लंगोट बदलणारा माणूस दिवसातून दहा वेळा पाहतो. त्याने डोळे उघडे ठेवले, तर जे आम्हाला उशिरा कळते ते त्याला वेळेवर कळेल. आणि हा माणूस केवळ आजी किंवा आई असून भागणार नाही, बापही असला पाहिजे.

दवाखान्यात आलेल्या नव्या आईबापांना मी पहिला प्रश्न विचारतो, "काल दिवसभरात बाळाने किती वेळा शू केली?" सगळे एकमेकांकडे बघतात. मग आजी सांगतात, "पुष्कळ केली." या 'पुष्कळ'वर डॉक्टरने काय करायचे?

एक उदाहरण सांगतो. पाच दिवसांचे बाळ नुसते दाखवायला म्हणून आणले होते. घरचे कौतुकाने सांगत होते, "फार शहाणं बाळ आहे, रडत नाही, सारखं झोपलेलं असतं." जन्माचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते, त्या दिवशी भरले २ किलो ४५० ग्रॅम. तोंड कोरडे, टाळू खोल गेलेली. आईला दूध होते, पण बाळ छाती नीट पकडत नव्हते. डायपर दिवसातून दोनदा बदलत, कारण "तसा तो कोरडाच असतो." जो कोरडा डायपर पाहून घर निश्चिंत होते, तोच धोक्याचा इशारा होता. बाळाला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवले आणि ते वाचले. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, हे मी आईसमोर बोललो नाही.

मोजायचे काय?

हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी निदान १ वेळा शू, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३, असे वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा त्याहून अधिक वेळा लंगोट ओला झाला पाहिजे. तेवढा होत असेल, तर 'माझे दूध पुरत नाही' ही बहुतेक आयांची भीती खोटी ठरते आणि वरच्या दुधाची बाटली घरात येत नाही. होत नसेल, तर बाळाला त्याच दिवशी दाखवावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. ही घट जन्मवजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत गेली की काळजी करावी. साधारण १० ते १४ दिवसांत वजन पुन्हा मूळ पदावर यायला हवे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर कधी विटकरी-गुलाबी डाग दिसतो. ते रक्त नसते, लघवीतले क्षार असतात. पाचव्या दिवसानंतरही डाग पडत राहिला, तर बाळाला दूध कमी पडते आहे असे समजावे. मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून पांढरे किंवा रक्ताचा एखादा थेंब जाऊ शकतो. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि आपोआप थांबतो. मुलगा शू करताना धार बारीक येत असेल किंवा थेंब थेंब पडत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगावे.

रंग बघा

पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती पहिल्या २४ तासांत व्हायला हवी. नाही झाली तर दवाखान्यातून सुटी घेण्याआधी सांगावे. तीन-चार दिवसांत रंग हिरवट होतो, मग मोहरीसारखा पिवळा. अंगावर पिणारे बाळ दर पाजण्यानंतर पातळ, दाणेदार शी करते. ते जुलाब नव्हेत. उलट महिना-दीड महिन्यानंतर तेच बाळ तीन-चार दिवस शी करत नाही. बाळ खेळकर असेल, पोट मऊ असेल आणि झालेली शी मऊ असेल, तर तेही चालते. त्यासाठी विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालू नये, एरंडेलही पाजू नये.

एक रंग मात्र कधीही सोडून देऊ नये, तो म्हणजे पांढरट. गणपती करायच्या शाडूच्या मातीसारखी शी, लंगोटावर पिवळा डाग पाडणारी लघवी आणि १४ दिवसांनंतरही न गेलेली कावीळ ही तीन चिन्हे यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद असल्याची असू शकतात. या आजारावर जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती साधारणपणे ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. आपल्याकडे 'कोवळे ऊन दाखवा, जाईल' म्हणत महिना निघून जातो. तैवानने २००४ पासून आईवडिलांना शीच्या रंगांचा तक्ता देऊन हा आजार लवकर पकडायला सुरुवात केली. रंग ओळखायला यंत्र लागत नाही, लंगोट उजेडात बघणारा माणूस लागतो.

कापडाचा की विकतचा?

या वादात मी फारसा पडत नाही. मात्र पहिले १५ दिवस दिवसा तरी कापडी लंगोट वापरावा, असे मी सांगतो. विकतच्या डायपरमध्ये पाणी शोषून घेणारी पूड असते. तिच्यामुळे वरून कोरडे लागते आणि शू एकदा झाली की तीनदा, हे कळत नाही. डायपरच वापरायचा तर हातात तोलून पाहावा, किंवा आत मऊ सुती कापडाची घडी ठेवावी. आणि कृपा करून 'पैसे वसूल' करण्यासाठी तो आठ-दहा तास ठेवू नये. तीन-चार तासांनी, आणि शी झाल्यास ताबडतोब, बदलावा. वापरलेला डायपर रद्दी कागदात गुंडाळून वेगळा द्यावा, तो गटारात किंवा नदीत जाऊ नये. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हे बंधनकारक केले, पण ते समजायला नियमच कशाला हवा?

कापडी लंगोटासाठी जुनी सुती साडी किंवा धोतर यासारखे दुसरे काही नाही. ते साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात इस्त्री फिरवावी.

बदलायची रीत

आधी साबणाने हात धुवावेत, सगळे सामान जवळ घ्यावे आणि मगच बाळाला निजवावे. एक हात सतत बाळावर असावा. पाच दिवसांचे बाळ पलंगावरून पडत नाही, या भ्रमात राहू नये. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. मुलीला पुढून मागे पुसावे, मागून पुढे कधीही नाही. मुलाची कातडी मागे ओढू नये. जांघेतल्या घड्या टिपून कोरड्या कराव्यात, बाळाला चार-पाच मिनिटे उघडे ठेवावे. पावडर लावूच नये, ती श्वासाबरोबर छातीत जाते. लंगोट बेंबीच्या खाली दुमडावा. नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नये. बेंबीभोवती लाली, सूज किंवा पू दिसल्यास थांबू नये. पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत, बेडकासारखे मोकळे राहू द्यावेत. खुब्याच्या सांध्याला ते हितकारक असते.

अंग लाल झाल्यास जस्ताचे साधे मलम लावावे. दोन-तीन दिवसांत उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणू नये. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असते आणि बाळाची नाजूक कातडी त्याने कायमची बिघडू शकते.

आता बापाविषयी

पहिले बाळंतपण माहेरी होते. बाप रविवारी येतो, बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जातो. "जावईबापूंनी लंगोट बदलायचा?" असे म्हणून सासूबाईच त्याला उठवतात. तीन महिन्यांनी बाळ घरी येते, तेव्हा बाप त्याच्यासाठी पाहुणा असतो. इकडे सिझेरियनचे टाके ओले असलेली बाई रात्रीतून पाच वेळा वाकते. तिच्या थकव्याचा परिणाम दुधावर होतो आणि दुधाचा बाळाच्या वजनावर.

कोणी म्हणेल, सोयर असते. ज्यांना पाळायचे त्यांनी अवश्य पाळावे आणि दहा दिवस देवाला शिवू नये. बाळाला शिवायला कोणी बंदी केली आहे? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मुलाच्या जन्मासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा असते. ती बारशाच्या मंडपासाठी नसते. ज्यांना अशी रजा नाही, त्यांनी निदान मुक्कामाच्या रात्री तरी हे काम अंगावर घ्यावे. आजींचा मान कमी करायचा नाही. त्यांचा हात अनुभवाचा असतो, त्यांच्याकडूनच शिकावे.

बापाला मी एक ठरावीक काम देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शूसाठी उभी रेघ, शीसाठी फुली, आणि रंग वेगळा दिसल्यास शेजारी दोन शब्द. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांना ते पान दाखवावे. आम्हा डॉक्टरांना अशा एका पानावरून जेवढे कळते तेवढे 'पुष्कळ' या शब्दावरून कळत नाही.

आठ तासांत शू नाही, शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट, पांढरी शी, किंवा पाजायला उठवूनही न उठणारे बाळ, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि आज रात्री बाळ रडले, तर बाळाच्या वडिलांनी आधी उठावे, दिवा लावावा आणि लंगोट पाहावा. तो बदलून मग बाळाला आईजवळ द्यावे आणि झोपण्यापूर्वी कॅलेंडरवर रेघ मारावी.