न मागितलेलीं पत्रें आणि कायदा

पोस्टमनानें रोज शंभर जाहिराती दारांत टाकाव्या आणि त्यांच्या ढिगाखालीं मुलाच्या परीक्षेची सूचना दडून जावी, असें झालें तर कोणता गृहस्थ स्वस्थ बसेल? कागदी टपालास तिकिटाचा खर्च असल्यामुळें असें सहसा घडत नाहीं. ई-मेल मात्र एक पाठवा कीं लाख, पाठविणाऱ्याचा खर्च बहुतेक सारखाच. वेळ जातो तो घेणाऱ्याचा. नगर शहरांत काय किंवा शेवगांव-पाथर्डीकडील खेड्यांत काय, शिष्यवृत्तीचें पत्र कर्जाच्या व लॉटरीच्या पत्रांत हरवलें, तर तो तोटा लहान नव्हे.

अशा प्रेषकांस शिक्षा असावी, असें आमचेंही मत आहे. परंतु शिक्षा नेमकी कशाबद्दल, हें आधीं ठरविलें पाहिजे. तें न ठरविल्यास काय होतें, हें आपल्या महाराष्ट्रानेंच पाहिलें आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालच्या दुरुस्तीनें कलम ६६-अ घालण्यांत आलें. दुसऱ्यास त्रास किंवा गैरसोय व्हावी, अथवा पत्र कोठून आलें याविषयीं त्याची फसगत व्हावी, या हेतूनें ई-मेल पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड त्यांत सांगितला होता. पण ‘त्रास’ म्हणजे काय, हें कोठेंच सांगितलें नव्हतें. नोव्हेंबर २०१२ मध्यें मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकवर मत लिहिणारी पालघरची एक तरुणी व तें पसंत करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींस अटक झाली. त्यांस लावलेल्या कलमांत हेंही होतें. पुढें तें प्रकरण बंद झालें, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें श्रेया सिंघल खटल्यांत हें कलम समूळ रद्द केलें. तें योग्यच झालें. पण त्याबरोबर प्रेषकाच्या लबाडीविरुद्धचा उपयुक्त भागही गेला.

आज सोंग घेऊन संगणकाद्वारें ठकविणाऱ्यास कलम ६६-ड प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फोन व एसएमएस यांवरील जाहिरातींस दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम लागू आहेत, व १९०९ या क्रमांकावर आपली नापसंति नोंदवितां येते. न मागितलेल्या व्यापारी ई-मेलसाठीं मात्र आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाहीं.

अमेरिकेनें २००३ सालीं असा कायदा केला. प्रेषकानें आपली ओळख खोटी सांगूं नये, टपालाचा पत्ता द्यावा, आणि ‘नको’ म्हटल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांच्या आंत थांबावें. न थांबल्यास दंड. ऑस्ट्रेलियानें त्याच वर्षीं आधीं संमतीचीच अट घातली. येथें मोजमाप कोणाच्या रागाचें नसून कृतीचें आहे. असा नेमका कायदा आपल्याकडे व्हावा, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, लहान दुकानदारानें मग जाहिरात कशी करावी? विचारून करावी. परदेशांत बसलेला लबाड कायद्याच्या हातीं सहज लागणार नाहीं, हेंही खरें. पण तेवढ्यासाठीं गांवांतल्या लबाडास मोकळें सोडण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थ्यांनो, घरांत मोबाइल वाचून दाखविणारे बहुधा तुम्हीच असतां. अनोळखी पत्रास उत्तर देऊं नका, आणि वडीलधाऱ्यांसही देऊं देऊं नका. उद्यां तुमच्यांतील कोणी कायदा लिहावयास बसला, तर पालघरच्या त्या दोघींचें स्मरण ठेवून एकेक शब्द तोलून लिहा.